गाडी परवडते का, ताई?

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, ऑफिस बॅलार्ड इस्टेटमध्ये. वय एकोणचाळीस. तीन वर्षांपूर्वी पेट्रोलवरची छोटी गाडी घेतली, ११९७ सीसी. शोरूमची किंमत ८ लाख, ऑन-रोड ९ लाख २० हजार. त्यातले सात लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांचं, हप्ता १४,५३१. तेव्हापासून रोज गाडीनेच जातो. एका बाजूचं अंतर ४२ किलोमीटर, महिन्यात बावीस दिवस. जाताना दीड तास, येताना दोन.

माझा हिशेब सरळ आहे. गाडी तेराचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे पेट्रोलला महिना १४,७०० आणि ऑफिसजवळच्या पार्किंगला ३,५००. हप्ता तर गाडी उभी ठेवली तरी भरायचाच. लोकलने जायचं म्हटलं तर स्टेशनपर्यंत रिक्षा आलीच, म्हणजे पासासकट सात-आठ हजार. फरक राहिला दहा हजारांचा. एवढ्यासाठी ठाणे स्टेशनच्या गर्दीत शिरायचं का? बायको म्हणते, गाडी विकूनच टाका. सेकंडहँडवाल्याला विचारलं तर साडेचार लाख म्हणाला. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाने त्याच महिन्यात घेतलेली तीच गाडी, फक्त अठरा हजार किलोमीटर फिरलेली, ५ लाख ७० हजारांना विकली. घरी आई आहे, तिला महिन्यातून एकदा डॉक्टरकडे न्यावं लागतं. मुलगा सात वर्षांचा. काय करू?
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून कपाटातून वही काढली. दिवाळीच्या अंकात जिच्याबद्दल लिहिलं होतं तीच, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर रबर लावलेली. आमच्या ह्यांनी २०११ साली गाडी घेतली तेव्हा मीच ती त्यांच्या हातात दिली होती. एकतीस वर्षं मी एका कंपनीच्या कॉस्टिंग खात्यात काढली. घरात एवढी मोठी वस्तू यायची आणि तिचा खर्च कुठेच लिहिला जायचा नाही, हे मला सहन झालं नसतं. हे रोज नौपाड्याहून रबाळ्याच्या कारखान्यात जात, दहा-बारा किलोमीटरवर. वहीत प्रत्येक टाकी आहे, प्रत्येक पंक्चर आहे. एका पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय : ‘क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ५८,४०० कि.मी., रु. ९,८५०.’ आणि त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द : ‘विटावा’.

कळव्याजवळच्या विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली सकाळी नऊ वाजता ज्याने हाफ क्लचवर गाडी रांगवली आहे, त्याला ही नोंद समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या वहीत त्या जागी तुमच्या वाटेवरचा ‘माजिवडा’ येईल.

पेट्रोलचे पैसे खिशातून जाताना दिसतात, म्हणून तेवढेच आपण मोजतो. क्लचचं तसं नसतं. आमचा क्लच किलोमीटरला सतरा पैशांनी झिजत होता, रोज, कोणाला न सांगता. मग एका शनिवारी गॅरेजवाल्याने सगळे सतरा पैसे एकदम मागितले. टायरचं तेच, ब्रेक पॅडचं तेच, बॅटरीचं तेच. सर्व्हिसिंगसकट सगळं धरून त्या गाडीला किलोमीटरमागे एक रुपया दहा पैसे पडले होते. ते जुने भाव झाले. तुमच्यासाठी मी एक साठ धरते. महिन्याला तुमचे १,८४८ किलोमीटर होतात, म्हणजे साधारण २,९५० रुपये. हा आकडा तुमच्या हिशेबात नाही.

आता हप्ता. मला येणाऱ्या पत्रांत निम्मे लोक हप्ता आणि घसारा (म्हणजे वयाने आणि वापराने गाडीची उतरणारी किंमत) दोन्ही मोजतात, उरलेले दोन्ही मोजत नाहीत. तुम्ही दुसऱ्या रांगेतले. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे गाडीची किंमतच, तुकड्यातुकड्यांनी दिलेली. ती किंमत घसाऱ्यात एकदा मोजली की पुन्हा हप्त्यात मोजायची नाही. हप्त्यातला खर्च म्हणायचा तो फक्त व्याजाचा. तेव्हा हप्ता बाजूला ठेवा आणि घसाऱ्याकडे या.

विमा कंपन्यांचं यासाठी एक ठरलेलं कोष्टक आहे. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत पाच टक्के घट, वर्षाची होईपर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षात वीस, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस, पाचव्यात पन्नास. हे शोरूमच्या किमतीवर. आरटीओत भरलेल्या रस्ता कराला आणि विम्याच्या पैशांना त्यात जागाच नाही, ते पहिल्याच दिवशी गेले. तुमची गाडी आता चौथ्या वर्षात आहे, म्हणजे विमेवाल्यांच्या लेखी तिची किंमत ४ लाख ८० हजार. सेकंडहँडवाल्याने साडेचार सांगितले त्यात त्याने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली तर जुनीला कोण भाव देणार?

९ लाख २० हजार वजा साडेचार लाख. तीन वर्षांत ४ लाख ७० हजार गेले, महिन्याला तेरा हजारांवर. पण थांबा, हे सगळे बॅलार्ड इस्टेटच्या माथी मारायचे नाहीत. इथेच लोक चुकतात, आणि लोकलची बाजू घेणारे तर हमखास चुकतात. तुमच्या शेजाऱ्याची गाडी बहुतेक वेळ पार्किंगमध्ये कबुतरांची घाण झेलत उभी होती, तरी तिचेही साडेतीन लाख गेलेच ना? तो वयाचा घसारा. गाडी घराबाहेर काढली नसती तरी तो लागला असता. तुमच्या आणि त्याच्या गाडीतला फरक १ लाख २० हजारांचा. तो मात्र तुमच्या रोजच्या फेऱ्यांनी खाल्ला, महिन्याला ३,३३३ रुपये. तुम्ही शेजाऱ्याचा भाव पत्रात लिहिलात हे फार चांगलं केलंत, नाहीतर हा आकडा मला अंदाजाने काढावा लागला असता.

तर पेट्रोल १४,७००, पार्किंग ३,५००, झीज २,९५०, घसारा ३,३३३. साडेचोवीस हजार झाले. रोज गाडीने जाण्यायेण्याचा हा खरा खर्च. किलोमीटरला सव्वातेरा रुपये. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पंचेचाळीस रुपये वाचले! त्या पंचेचाळीस रुपयांत तुमची गाडी साडेतीन किलोमीटरही जात नाही.

लोकलचा हिशेबही तितकाच नेटाने करू, कारण तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास २१५ रुपये. लोकलवाले एवढाच आकडा तोंडावर फेकतात. पण तुम्ही राहता कासारवडवलीत. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. स्टेशन साडेनऊ किलोमीटर धरलं तर १६३ रुपये होतात, जाऊन-येऊन ३२६. म्हणजे एका दिवसाच्या रिक्षाच्या पैशांत दीड महिन्याची लोकल! १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून चौतीस किलोमीटर धावत ठाण्याला आली. पावणेदोनशे वर्षं होत आली, ते चौतीस किलोमीटर अजून स्वस्तच आहेत. महाग आहेत ते स्टेशन ते घर हे साडेनऊ.

मेट्रो ४ झाली की सुटेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. वडाळ्यापासून कासारवडवलीपर्यंत ती आखली आहे, ४-अ पुढे गायमुखापर्यंत. गायमुखाच्या बाजूने सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणीही झाली. पण ती ठाणे स्टेशनात शिरत नाही, तीन हात नाक्यावरून मुलुंडकडे निघून जाते. तुमचा मार्गच बदलेल तेव्हा, आणि हिशेबही. तेव्हा पुन्हा लिहा.

आजचं बोलू. दोन्ही वेळा मीटरची रिक्षा, अगदी शेअरसुद्धा नाही, हे बावीस दिवसांचे ७,१७२. वर पहिल्या वर्गाचा पास, तो हजाराच्या आत येतो. सीएसएमटीहून बॅलार्ड इस्टेट चालत. राजेशाही थाटात गेलात तरी आठ हजार शंभरच्या आसपास. टीएमटीची बस पकडून सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनसमोरच्या बसच्या पुलावर, उतरलात, येताना शेअर रिक्षा केलीत आणि दुसऱ्या वर्गातून गेलात, तर रोजचे शंभर धरूनही अडीच हजारांत महिना निघतो.

(२१५ हाही काही लोकलचा खरा खर्च नव्हे, हे मला ठाऊक आहे. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असं रेल्वे स्वतःच तिकिटावर छापायची. बाकीचे आपण सगळे मिळून भरतो. पण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि फ्रीवेही कोणी तुमच्या पेट्रोल पंपावरच्या बिलातून बांधले नाहीत.)

म्हणजे तुम्ही दहा हजारांचा म्हणता तो फरक राजेशाही लोकलशी तुलना करूनही सोळा हजार चारशेचा निघतो. महिन्यात चव्वेचाळीस फेऱ्या. दर फेरीला पावणेचारशे रुपये तुम्ही गर्दी टाळायला मोजता आहात.

आणि गर्दी हा खर्च आहे, हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी तो दिला. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून घाटकोपरपर्यंत गेले आहे, आणि अडतिसाव्या वर्षापासून उजवा गुडघा पाऊस यायच्या आधी मला सांगतो. ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला मे २०२४ अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तो काही उगाच नव्हता. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात उभी असलेली माणसं लोकलमधून पडली आणि जिवानिशी गेली. ती सकाळी कामावर निघालेली माणसं होती. असलं काही मी रुपयांत मांडणार नाही. तुम्ही पावणेचारशे देऊन हे टाळत असाल तर मी नावं ठेवणार नाही. फक्त ‘पेट्रोलचाच तर खर्च’ असं बायकोला सांगू नका. तिचं गणित तुमच्यापेक्षा बरं दिसतंय.

पण पावणेचारशे न देताही गर्दी बरीच टळते. ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल धरा. फास्टला पाऊण तास लागतो, हिला थोडा जास्त, तासभर धरा. पण रिकामी गाडी फलाटावर लागते आणि बसायला मिळतं. पंचेचाळिशीनंतर मी फास्टचा नाद सोडला तो कायमचा. ऑफिसात मैत्रिणी हसायच्या, ‘तू अजून विक्रोळीतच असशील’ म्हणायच्या. मी विक्रोळीत असायचे खरी, पण झोपलेली. रिक्षा, थांबणं आणि चालणं धरून दिवसाला तुमची पन्नास मिनिटं जास्त जातील, वेळेत गाडी जिंकते हे मान्य. मात्र गाडीतल्या साडेतीन तासांत तुमचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही डोळे कामाला जुंपलेले असतात. फोनवर ऑफिसची कामं उरकतो असं तुम्ही लिहिलं नाहीत. उरकत असाल तर ते वेगळंच बोलणं आहे.

दुसरा उपाय, गाडीत आणखी दोघांना घ्या. साडेचोवीस हजारांचे तीन वाटे केले की माणशी आठ हजार शंभर-दीडशे पडतात, म्हणजे राजेशाही लोकलच्याच भावात! घोडबंदरच्या एकेका टॉवरमध्ये फोर्टात जाणारे तिघे सापडत नाहीत असं मला कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. अडचण वेळेची असते. एकाची मीटिंग लांबते आणि बाकीचे दोघे फुटपाथवर घड्याळ बघत उभे राहतात. आणि एक लक्षात ठेवा, खर्च वाटून घेणं वेगळं, भाडं घेणं वेगळं. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाड्याचा धंदा चालवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी.

आता विकायचं की नाही. हा निराळा प्रश्न आहे. तुम्ही दोघंही तो पहिल्या प्रश्नात कालवून भांडता आहात असं मला दिसतं. लोकलने जायला लागलात तर साडेचोवीस हजार वाचायला गाडी विकावी लागत नाही, ती नुसती खाली उभी केली तरी वाचतात. विकून वाचतो तो उभ्या गाडीचा खर्च. तो मांडते. साडेचार लाखांची गाडी कमी फिरवून दोन वर्षांनी ३ लाख ६० हजारांना जाईल असं धरू, महिन्याला ३,७५०. कर्जाचं उरलेलं व्याज सुमारे ३०,७००, चोवीस महिन्यांत वाटून १,२८०. विमा वर्षाला चौदा हजार धरला, त्यात ३,४१६ थर्ड पार्टीचे, महिन्याला १,१७०. वर्षाकाठी एक सर्व्हिसिंग आणि पीयूसी, महिन्याला सहाशे. सगळे मिळून ६,८००. चार रविवार आणि आईंचा एक डॉक्टर, अशा महिन्याला पाच फेऱ्या. पेट्रोल घालायच्या आधीच प्रत्येक फेरी १,३६० रुपयांना पडली. एवढ्यात दारात टॅक्सी येते आणि आईंना पार्किंग शोधत बसावं लागत नाही.

तेव्हा आकड्यांनी बायको बरोबर. तरी या महिन्यात विकू नका. आज विकलीत तर कर्जाचे ३ लाख १८ हजार फेडून हातात १ लाख ३२ हजार येतील, मुदतीआधी फेडण्याचा दंड असेल तर तो वजा. मग जूनच्या पहिल्या पावसात लोकल नकोशी झाली, रुळांवर पाणी आलं, तुम्ही दोन आठवडे चिडचिड केलीत आणि दसऱ्याला पुन्हा शोरूममध्ये जाऊन बसलात तर? दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रस्ता कर आहे. आठ लाखांच्या गाडीवर ८८ हजार रुपये पुन्हा आरटीओत भराल. माणसं असं करतात, माझ्या माहेरच्या नात्यातच दोघांनी केलंय. तीन महिने गाडी उभी ठेवायला तुम्हाला वीस हजार लागतील. ती चाचणीची फी समजा. तीन महिने लोकलने जा, त्यातला एक तरी पावसाळ्याचा असू द्या. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीसही जात असलात तर विका.

आणि वही घाला. मोबाइलमध्ये नको, मोबाइलमधलं कोणी पुन्हा उघडून बघत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही द्रोणागिरीत राहतो. माझी नोकरी शिवडीला. यजमान म्हणतात अटल सेतूचा महिन्याचा पास काढू, म्हणजे गाडीने जाणं परवडेल. मी सध्या उरणच्या लोकलने नेरुळला येऊन हार्बर पकडते. पास काढावा का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : तुमच्या यजमानांना एक भागाकार करायला सांगा. अख्ख्या पुलाचा कारचा टोल नुसता जाण्याचा २५०, जाऊन-येऊन ३७५, महिन्याचा पास १२,५००. साडेबारा हजारांना ३७५ ने भागलं तर तेहतीस येतात आणि वर थोडं उरतं. महिन्यात तेहतीस दिवस कामाला जाणाऱ्या माणसासाठी तो पास छान आहे. दिवसातून दोन-दोनदा पूल ओलांडणाऱ्यांसाठी तो काढलेला असावा. तुम्ही बावीस दिवस रिटर्न भरलंत तर ८,२५० होतात. म्हणजे पास काढलात तर सव्वाचार हजारांचं नुकसान.

आणि हे ८,२५० नुसत्या टोलचे. पेट्रोल, झीज, घसारा वर घोडबंदरच्या वाचकाला सांगितलाय तसाच लावा. गाडी विजेची असेल तर मात्र पुन्हा बसू, कारण ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या गाड्यांना त्या पुलावर टोल माफ आहे. स्कूटरचा विचार मनात असेल तर काढून टाका, दुचाकी तिथे सोडत नाहीत.

गंमत अशी की अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल या दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, १२ जानेवारी २०२४ ला. पुलाचे फोटो सगळ्यांनी काढले. लोकलचे कोणी काढले नाहीत, आणि तुमच्या कामाची मात्र तीच. तिचं एकच दुखणं, गाड्या फार थोड्या. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं. म्हणून वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा आणि घरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे करा. हार्बर तुम्हाला थेट शिवडीला सोडते, पुलावरून आलात तरी शेवटी शिवडीच्याच सिग्नलला थांबाल.

प्रश्न : ऑफिसला आता आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं, बाकी घरून काम. ठाणे ते सीएसएमटी पास काढणं परवडतं की रोज तिकीट काढू?
— कोपरी, ठाणे

उत्तर : दुसऱ्या वर्गाचा पास साधारण सात-आठ दिवसांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटात वसूल होतो. तुमचे महिन्याला आठ-नऊ दिवस होतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. पास काढा. दोन-चार रुपये इकडेतिकडे झाले तरी रविवारी दादरला भाजी-फुलं आणायला जाल ती फुकटात, आणि तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. तीन महिन्यांचा काढलात तर पैसे २.७ महिन्यांचेच लागतात. पण पुढच्या महिन्यात ऑफिस कुठे असेल याची खात्री असेल तरच.

प्रश्न : दिवाळी अंकात तुम्ही यजमानांच्या गाडीच्या वहीबद्दल लिहिलं होतंत. ती गाडी अजून आहे का?
— पाचपाखाडी

उत्तर : नाही, २०२२ मध्ये विकली. हे निवृत्त झाले आणि गाडी आठवड्यातून एकदा गावदेवी मैदानापर्यंत जाऊन यायची, तेवढ्यासाठी विमा भरणं माझ्याच्याने होईना. घ्यायला एक मुलगा आला, कळव्याचा, सोबत मेकॅनिक घेऊन. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, चॅसीखाली टॉर्च मारला, आणि गाडीला सतरा नावं ठेवून भाव पाडायला सुरुवात केली. मी आतून वही आणून टेबलावर ठेवली. मुलगा चहा गार होईपर्यंत पानं उलटत बसला. ऑइल कधी बदललं, कुठला टायर कधी घातला, सगळं तारखेनिशी. शेवटी त्याने मेकॅनिकला गप्प केलं आणि स्वतःहून पाच हजार वाढवून दिले. मग म्हणाला, काकू, वहीसुद्धा द्या.

वही काही मी दिली नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणून दिली. पेन्सिलीने लिहिलेला ‘विटावा’ तेवढा झेरॉक्समध्ये उठला नाही, पण मुलगा कळव्याचा होता.